विरळ केलं की विस्कटतं

पाण्यात विरघळलेले रेणू आपणहून एकत्र येतात आणि मोठ्या रचना उभारतात, ही रसायनशास्त्रातली पक्की, मोजून सिद्ध झालेली गोष्ट आहे. माझं शिक्षण तिच्यावर झालं आणि माझं पोटही तिच्यावरच चालतं. नेमकी तीच गोष्ट पुढे करून इथे टेक्ससच्या अर्विंगमधल्या मराठी घरांत जे विकलं जातंय, त्याला उत्तर देणं मला म्हणूनच भाग आहे.

लास कोलिनासपासून व्हॅली रँचपर्यंत आपल्या लोकांच्या ओट्यांवर हल्ली नळाला जोडायचं एक यंत्र दिसतं. किंमत काही हजार डॉलर. ते पाण्याचे मोठे पुंजके फोडून लहान, षट्कोनी पुंजके करतं आणि असं ‘रचनाबद्ध’ पाणी पेशींत लवकर शिरतं, असं ओळखीतलंच कुणीतरी येऊन समजावतं. त्याच घरांत औषधांच्या कपाटात होमिओपॅथीच्या ३० किंवा २०० पोटन्सीच्या बाटल्या असतात. यंत्र वेगळं, गोळ्या वेगळ्या, पण दोन्हींच्या मागचा युक्तिवाद एकच. तो मी एका घरगुती जेवणात एका अभ्यासू, सज्जन अभियंत्याकडून सविस्तर ऐकला. ‘पाण्यात रचना होतात हे तुमच्याच विज्ञानाने दाखवलंय. साबणाचे मायसेल होतात, पेशींची पटलं होतात. मग औषधाचा रेणू निघून गेला आणि त्याने पाण्यात घडवलेली रचना तेवढी मागे राहिली, तर अडलं कुठे? आयआयटी मुंबईच्या संशोधकांनीही याला दुजोरा दिला आहे. आणि विज्ञान प्रत्येक नव्या गोष्टीला आधी हसतंच.’

युक्तिवाद नीट बांधलेला आहे, म्हणून त्याला नीटच उत्तर दिलं पाहिजे. पहिली अडचण अशी, की ज्या मायसेलचा, म्हणजे साबणाच्या रेणूंच्या पुंजक्याचा, तो आधार घेतो, तो मायसेलच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

साबणाचा किंवा शॅम्पूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटचा रेणू घ्या. त्याचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरीकडे बारा कार्बनांची तेलकट शेपटी असते. ही शेपटी पाण्यात एकटी पडली की तिच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंची कुचंबणा होते. त्यांना आपसांतले हायड्रोजन बंध टिकवायचे असतात, पण शेपटीकडे तोंड करून बंध जुळत नाही. त्यामुळे वळण्या-फिरण्याच्या जितक्या तऱ्हा त्यांना एरवी मोकळ्या असतात, त्यांतल्या बऱ्याच बंद होतात. पुष्कळ शेपट्या एकमेकींत तोंड खुपसून बसल्या, की हे अडकलेलं पाणी सुटतं. मायसेल बांधला जातो तो मुख्यतः या सुटकेपायी. शेपट्यांची आपसांतली ओढ त्या मानाने दुय्यम असते. म्हणजे पाण्यातल्या रचनांच्या मुळाशी पाण्याची रचना धरून ठेवण्याची आवड मुळीच नाही. पाणी आपलं स्वातंत्र्य सोडायला तयार नसतं, म्हणून दुसऱ्यांना एकत्र यावं लागतं. या एका वाक्यावर माझा सगळा प्रतिवाद उभा राहील, इतकं ते महत्त्वाचं आहे.

आता आकडे पाहू. सोडियम लॉरिल सल्फेटचे साधारण साठ रेणू एका मायसेलमध्ये बसतात आणि त्याचा व्यास असतो चारेक नॅनोमीटर. पण हे केव्हा? साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे २.३ ग्रॅमपेक्षा जास्त माल असेल तेव्हाच. त्याच्या खाली रेणू सुटेच हिंडतात. तयार मायसेलच्या द्रावणात पाणी ओतून ते या उंबरठ्याखाली नेलं, की मायसेल मोडतात, आणि तेही सेकंदाच्या आतबाहेर. मागे कसलाही साचा उरत नाही. शेपटी जितकी लांब तितका उंबरठा खाली येतो, मीठ घातलं की आणखी खाली येतो, हे सगळं पाठ्यपुस्तकांत आहे. पण उंबरठा नसलेली आणि विरळ करत गेल्यावर बळकट होणारी रचना त्या पाठ्यपुस्तकांत कुठेही नाही.

पेशीच्या पटलातल्या फॉस्फोलिपिडांना दोन शेपट्या असतात, त्यामुळे त्यांचा उंबरठा फारच खाली, काहींच्या बाबतीत लिटरला मोलच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असतो. कुणी म्हणेल, बघा, इतकं विरळ केलं तरी रचना टिकते! टिकते खरी. पण होमिओपॅथीच्या शतमान पद्धतीत प्रत्येक पायरीला द्रव शंभरपट विरळ होतो. लिटरला एक मोल इतक्या भरभक्कम द्रावणापासून सुरुवात केली तरी पाचव्या पायरीला आपण त्या लिपिडांच्या उंबरठ्यापाशी पोचतो. बाराव्या पायरीला ॲव्होगॅड्रोचा आकडा ओलांडला जातो, लिटरभरात मूळ पदार्थाचा एक रेणूही असण्याची खात्री उरत नाही. आणि बाटलीवर लिहिलेलं असतं तीस. तीस पायऱ्यांनंतर मूळ पदार्थाचा एकच रेणू सापडायला सुमारे आठ लाख सूर्यांच्या वजनाइतकं पाणी लागेल. हा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो.

घरी पाहायचं असेल तर रिठे आणा, अर्विंगच्या कुठल्याही भारतीय दुकानात मिळतात. रिठ्यात सॅपोनिन असतं, तेही दुतोंडी रेणूंच्याच जातीचं. तूरडाळ शिजताना वर येणारा फेस बराचसा त्याच कुळातल्या रेणूंचा असतो. रिठ्यांचा दाट काढा करून बाटलीत भरा आणि जोरजोरात झटके द्या, फेसाने बाटली भरेल. त्यातला एक भाग नव्व्याण्णव भाग पाण्यात घालून पुन्हा तितकेच झटके द्या. पुन्हा त्यातला एक भाग घ्या. तिसऱ्या-चौथ्या बाटलीपर्यंत फेस संपलेला असेल, कितीही हलवा. होमिओपॅथीचा जनक हानेमान याच्या कृतीत याच झटक्यांनी शक्ती वाढते असं म्हटलं आहे. रिठ्याच्या पाण्यावर तीच कृती डोळ्यांदेखत करून बघता येते.

यावर जाणकार समर्थक एक पायरी मागे सरकतात. ते म्हणतात, रचना औषधाच्या रेणूंची नसून खुद्द पाण्याची असते आणि ती प्रत्येक बाटलीत स्वतःची नक्कल करते. नक्कल करणाऱ्या रचना निसर्गात आहेत हे खरं. स्फटिकाचा कण बी म्हणून टाकला की द्रावणात त्याच घडणीचे स्फटिक वाढतात, आणि मेंदूच्या काही रोगांतलं बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं करतं. पण या दोन्हींना कच्चा माल लागतो. द्रावणात विरघळलेला पदार्थ संपला की स्फटिक वाढायचा थांबतो, नवं प्रथिन पुरवलं नाही की साखळी तुटते. इथे कच्चा माल म्हणजे पाणीच मानायचं, तर पाण्याची घडण किती वेळ टिकते हा प्रश्न येतो, आणि तो मोजून झालेला आहे. बर्लिन आणि टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात द्रवरूप पाण्याचं हायड्रोजन बंधांचं जाळं आपली आधीची मांडणी सुमारे ५० फेम्टोसेकंदांत विसरताना दिसलं. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख करा, म्हणजे एक फेम्टोसेकंद. एकेका बंधाचं आयुष्य धरलं तरी ते पिकोसेकंदाच्या आसपास जातं, म्हणजे फेम्टोसेकंदाच्या हजारपट. षट्कोनी मांडणी बर्फात असते, कारण तिथे रेणू जागचे हलत नाहीत. वितळलेल्या पाण्यात षट्कोन क्षणोक्षणी बनतात आणि मोडतात. ते बाटलीत भरून, गाडीतून आणून, महिनाभर कपाटात ठेवण्याची गोष्ट कुणाला खरी वाटत असेल, तर काळाच्या या दोन मापांमधलं अंतर त्याने भरून दाखवलं पाहिजे. आजवर कुणी दाखवलेलं नाही.

शिवाय अर्विंगचं पाणी येतं कुठून? शहराचा हक्क ईशान्य टेक्ससमधल्या चॅपमन तलावावर आहे, तिथून ते मैलोन्‌मैल नळांतून आणलं जातं आणि शुद्धीकरण डॅलस शहराकडून होतं. वाटेत माती, शेवाळ, पानं, धातू, जंतुनाशकं अशा असंख्य पदार्थांशी त्याचा संबंध येतो. पाण्याला आठवण असेल तर त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कोण ठरवतं, याचं उत्तर समर्थकांनी द्यायला हवं.

यंत्रवाल्यांकडे एक शास्त्रीय वाटणारा पुरावा असतो, त्याबद्दलही बोलू. चुंबकीय अनुस्पंदनाच्या आलेखात ऑक्सिजन-१७ ची रेषा साध्या पाण्यात रुंद आणि यंत्राच्या पाण्यात अरुंद दिसते, म्हणजे पुंजके लहान झाले, असं ते दाखवतात. आलेख खराच असतो, अर्थ चुकीचा लावला जातो. उदासीन पाण्यात, म्हणजे सामू सातच्या आसपास असताना, पाण्याच्या रेणूंमधली प्रोटॉनांची देवघेव सर्वांत मंद असते आणि त्यामुळे ती रेषा रुंदावते. आम्ल घाला किंवा अल्क घाला, देवघेव वेगाने होऊ लागते आणि रेषा बारीक होते. हे १९६१ पासून माहीत आहे. यंत्रातून अल्कधर्मी पाणी येतं म्हणून रेषा बारीक दिसते, चिमूटभर खायचा सोडा घातल्यानेही ती बारीक होईल. पुंजक्यांच्या आकाराशी याचा काही संबंध नाही. हजारो डॉलर ज्या आलेखावर घेतले जातात, तो आलेख फार तर सामूच्या कागदाच्या पट्टीचं काम करतो.

आता आयआयटी मुंबईबद्दल. हा मुद्दा आपल्या लोकांना सगळ्यांत भिडतो, कारण पवईचं नाव आलं की शंका घ्यायला मन धजत नाही. २०१० साली तिथल्या रसायन अभियांत्रिकी विभागातल्या चिक्रमाने, सुरेश, बेल्लारे आणि काणे यांनी ‘होमिओपॅथी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. सोनं, तांबं, जस्त, कथील, चांदी, प्लॅटिनम अशा धातूंपासून केलेली औषधं त्यांनी बाजारातून आणली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ३० आणि २०० पोटन्सीतही त्यांना धातूंचे नॅनोकण दिसले. पुढे २०१२ साली ‘लँगम्युअर’ या नियतकालिकात त्यांनी कारणही सुचवलं. द्रव हलवताना बुडबुडे उठतात, नॅनोकण त्यांना चिकटून पृष्ठभागावर येतात, पुढच्या पायरीसाठी वरचाच थर घेतला जातो, म्हणून कण संपत नाहीत. हे कण बाहेरून आलेली अशुद्धी असतील, असा आक्षेप काहींनी घेतला. मी तो घेणार नाही. संशोधकांचं मोजमाप आणि त्यांचं कारण दोन्ही अक्षरशः खरं मानते.

खरं मानल्यावर काय उरतं? बाटलीत धातू आहे, म्हणजे पाण्याच्या आठवणीची गरजच नाही. या निबंधाने पाण्याच्या स्मृतीला आधार दिलेला नाही, तिला अनावश्यक ठरवलं आहे. दुसरं, त्यांच्या मोजमापात काही पायऱ्यांनंतर धातूचं प्रमाण आणखी घटत नाही, एका पातळीला येऊन थांबतं. मग ३० आणि २०० यांत फरक कसला? जितकं विरळ तितकं जोरदार हा पंथाचा मूळ सिद्धांत याच निबंधाने मोडतो. तिसरं, हे धातूंना लागू आहे, कारण धातू पाण्यात विरघळत नाही. घरोघरी दिलं जाणारं नॅट्रम मूर म्हणजे साधं मीठ. ते पाण्यात पडलं की आयनांत सुटतं, त्याचा बुडबुड्याला चिकटणारा कण उरतच नाही. पवईचा निबंध हाती धरून मिठाच्या गोळीचं समर्थन करणाऱ्याने तो निबंध वाचलेला नाही, असं मला स्पष्ट म्हणावं लागतं. आणि पदार्थ असणं म्हणजे गुण येणं नव्हे. माझ्या नळाच्या पाण्यातही धातू आहेत.

समर्थकांच्या यादीत आणखी एक निबंध असतो. २००१ साली सामल आणि गेकलर यांनी दक्षिण कोरियातून असं कळवलं, की फुलरीन, सायक्लोडेक्स्ट्रीन अशा पदार्थांची द्रावणं विरळ केली तर रेणूंचे गठ्ठे लहान होण्याऐवजी मोठे होतात. ही नोंद विचार करण्याजोगी आहे, पण ती गठ्ठे बांधणाऱ्या रेणूंची आहे, आणि ते रेणू द्रावणात भरपूर होते. जिथे एकही रेणू नाही तिथल्या रचनेबद्दल ती काही सांगत नाही. निबंधाच्या मथळ्यात ‘विरळ’ हा शब्द आहे एवढ्यावर तो या कामाला जुंपला जातो.

राहिला हसण्याचा मुद्दा. साबणाच्या द्रावणात रेणूंचे पुंजके असतात हे ब्रिस्टलच्या जेम्स विल्यम मॅकबेनने १९१३ साली मांडलं, आणि लंडनमधल्या एका सभेत अध्यक्षांनी त्याचं म्हणणं एका शब्दात निकालात काढलं असं सांगतात. पुढे मॅकबेन स्टॅनफर्डला गेला, त्याला डेव्ही पदक मिळालं, आणि उतारवयात तो पुण्याला आला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा तो पहिला संचालक. नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी त्या प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं तेव्हा मायसेलचा जनक तिच्या प्रमुखपदी होता, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं. हसलेल्यांना मॅकबेनने कसं गप्प केलं? वाहकता मोजून, परासरणाचा दाब मोजून. साबणाचं प्रमाण वाढवल्यावर हे आकडे साध्या मिठासारखे वागत नाहीत, हे ज्याला तपासायचं होतं त्याने आपापल्या प्रयोगशाळेत तपासलं आणि तेच आकडे आले. ज्यांना मॅकबेन मान्य नव्हता त्यांच्याही उपकरणांत तेच आले.

याच्या शेजारी जाक बेनव्हेनिस्त ठेवून बघा. १९८८ च्या ३० जूनला ‘नेचर’ने त्याचा निबंध छापला. प्रतिपिंडाचं द्रावण इतकं विरळ केलं की त्यात प्रतिपिंड उरूच नये, तरी रक्तपेशी प्रतिक्रिया देतात, असा दावा होता. म्हणजे विज्ञानाने हसून दार लावलं नाही, जगातल्या सगळ्यांत मानाच्या पानांवर जागा दिली. अट एवढीच होती की प्रयोग समोर करून दाखवायचा. संपादक जॉन मॅडॉक्स, वॉल्टर स्टुअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत गेले. कोणत्या नळीत काय आहे हे माणसं जाणत होती तोवर परिणाम दिसत राहिला. नळ्यांवर सांकेतिक आकडे टाकून ओळख लपवली आणि परिणाम नाहीसा झाला. महिनाभरात तेही ‘नेचर’मध्ये छापून आलं. विरोधकांच्या हातून तेच आकडे येणं आणि आपल्याच हातून डोळे झाकल्यावर न येणं, हा मॅकबेन आणि बेनव्हेनिस्त यांच्यातला फरक आहे. दोघांनाही कुणीतरी हसलं, एवढ्यावर दोघांना एका ओळीत बसवता येत नाही.

‘गुण नाही तर नाही, अपाय तर नाही ना’ असं शेवटी ऐकू येतं. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएने दात येणाऱ्या बाळांच्या काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या, तेव्हा बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक वेगळं आणि कधी लेबलवर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं. बेलाडोना विष आहे. पण माझ्या रागाचं खरं कारण यापेक्षा मोठं आहे, आणि ते २०२१ च्या मे महिन्यातलं आहे.

त्या महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला होता आणि अर्विंगमधली मराठी माणसं रात्र-रात्र फोनवर होती. नागपूर, औरंगाबाद, पुणे, कुणाचा मामा, कुणाची आत्या. सगळे एकच नाव विचारत होते, लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. साधं अँफोटेरिसिन त्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतं, मग डॉक्टर हेच का मागतात, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. उत्तर या लेखाच्या विषयातच आहे. अँफोटेरिसिन पाण्यात विरघळत नाही. जुन्या इंजेक्शनात ते डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या आधाराने मायसेलसारख्या कणांत बसवलेलं असतं. शिरेत गेल्यावर ते रक्तात विरळ होतं, पित्तक्षाराचं प्रमाण उंबरठ्याखाली जातं, कण विस्कटतात आणि औषध सुटं होऊन मूत्रपिंडांना झोंबतं. लायपोसोममध्ये तेच औषध फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉलच्या दुहेरी पटलात रुतवलेलं असतं, शंभर नॅनोमीटरहून लहान फुग्यांत. हे पटल रक्तात विरळ झाल्यावरही चटकन मोडत नाही, म्हणून मूत्रपिंडं वाचतात आणि बुरशीला पुरेल इतका डोस देता येतो. रेणू तोच, पाण्यातली बांधणी वेगळी, आणि माणूस डायलिसिसवर जातो की घरी येतो हे पुष्कळदा त्या बांधणीवर ठरतं. देशी लायपोसोमल अँफोटेरिसिनवर परळच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षं आधीपासून रुग्णांवर चाचण्या केल्या होत्या. हे काम आपल्या माणसांनी, आपल्या रुग्णालयात, आकडे मांडून केलेलं आहे.

‘पाण्यातली रचना’ या शब्दांमागे इतकी मेहनत आणि इतके वाचलेले जीव आहेत. ते शब्द उचलून ओट्यावरच्या यंत्राला चिकटवले, की पुढच्या साथीत खरं औषध कोणतं हे कुटुंबाला ओळखणं कठीण होतं. उंबरठा, प्रमाण, टिकाऊपणा यांची भाषा एकाच्या तोंडी अर्थपूर्ण असते आणि दुसऱ्याच्या तोंडी पोकळ, पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटू लागते.

तेव्हा यंत्र विकणाऱ्या आणि ते मनापासून वापरणाऱ्या माझ्या इथल्या सगळ्या ओळखीच्यांपुढे मी एक चाचणी ठेवते. वीस सारख्या बाटल्या. दहांत यंत्राचं पाणी, दहांत त्याच नळाचं पाणी, चव सारखी राहावी म्हणून दोन्हींचा सामू सोडा घालून जुळवलेला, क्षार आणि तापमानही जुळवलेलं. बाटल्यांवर फक्त आकडे, आणि आकड्यांची किल्ली दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाच्या खिशात. पिऊन ओळखा, झाडांना घालून ओळखा, हवं ते उपकरण लावा, हवा तितका वेळ घ्या. नुसत्या अंदाजाने सगळ्या बाटल्या बरोबर लागण्याची शक्यता १,८४,७५६ मध्ये एक आहे, त्यामुळे कुणी वीसच्या वीस ओळखल्या तर मी तो निकाल माझ्या सहीने छापून आणीन. होमिओपॅथीवाल्यांसाठी हीच चाचणी, ३० पोटन्सीच्या दहा आणि नुसत्या अल्कोहोल-पाण्याच्या दहा बाटल्यांवर. बाटल्यांचा खर्च माझा.